एक राजा, दोन राज्ये : स्पेनचे केंद्रीकरण आणि वसई

स्पेनच्या राजांनी प्रांतोप्रांतीचे कायदे आणि हक्क मोडून सारी सत्ता माद्रिदमध्ये एकवटली, आणि १५८० साली दुसरा फिलिप पोर्तुगालच्याही गादीवर आल्यावर पोर्तुगिजांच्या ताब्यातील वसई ६० वर्षे स्पॅनिश अमलाखाली गेली, असे मानले जाते. हे मत पुराव्यावर टिकत नाही.

१५८१ साली तोमर येथे भरलेल्या कोर्तेसपुढे, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि नगरे यांच्या प्रतिनिधिसभेपुढे, फिलिपने पोर्तुगालचे कायदे पाळण्याचे आणि तेथील पदे पोर्तुगिजांनाच देण्याचे मान्य केले. म्हणूनच वसईचा कारभार पूर्वीप्रमाणेच गोव्याच्या हाताखाली, पोर्तुगीज कॅप्टनकडे राहिला. गासच्या चर्चला ज्यांचे नाव आहे, त्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र हेच सांगते. मनिलात फ्रान्सिस्कन संघात गेलेले गोन्सालो १५९३ साली तेथील स्पॅनिश गव्हर्नराच्या वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून जपानला गेले, तेव्हा पोर्तुगीज आश्रयाखालील जेझुइटांनी या फ्रान्सिस्कनांच्या तेथील धर्मकार्याला हरकत घेतली. राजा एकच होता, तरी दोन राज्यांच्या अधिकारकक्षा वेगळ्याच होत्या.

स्पेनमधील आरागॉन प्रांताचे उदाहरण प्रतिपक्षाला बळ देणारे वाटते, कारण १५९१च्या उठावानंतर फिलिपने तेथील सर्वोच्च न्यायाधीशाचा शिरच्छेद करवला. परंतु १५९२च्या ताराथोना येथील कोर्तेसनंतरही त्या प्रांताचे बहुतेक कायदे, काही फेरफारांसह, कायम राहिले.

मग केंद्रीकरण झाले ते कोठे? न्याय, महसूल आणि नेमणुका यांत. फिलिपच्या आधीच्या काळातील राणी इसाबेला आणि राजा फर्डिनांड यांनी १४८०च्या तोलेदो येथील कोर्तेसमध्ये सरदारांकडे गेलेल्या राजाच्या उत्पन्नाचा मोठा भाग परत घेतला, राजमंडळात कायदेपंडितांचे वजन वाढवले आणि प्रमुख नगरांवर कोरेजिदोर, म्हणजे न्याय व कारभार पाहणारे राजनियुक्त अधिकारी, नेमले. पोर्तुगालमध्येही १५९१ साली खजिन्याचा कारभार एका मंडळाखाली आला आणि १६०३ साली फिलिपच्या नावाची कायदेसंहिता जारी झाली, जी वसईसह साऱ्या पोर्तुगीज मुलखाला लागू होती. ती इतकी रुजली की, १६४० साली स्पेनशी संबंध तोडणाऱ्या पोर्तुगालच्या नव्या राजाने, चौथ्या जुवांवने, १६४३ साली तिलाच मान्यता दिली.

याउलट, प्रस्थापित व्यवस्थेला धक्का देणारे प्रयत्न फसले. पोर्तुगालच्या सागरी मुलखासाठी १६०४ साली स्थापलेले 'भारत मंडळ' जुन्या मंडळांच्या विरोधामुळे १६१४ साली गुंडाळावे लागले. आणि सर्व प्रांतांवर सैन्याचा ठरावीक वाटा लादणारी, १६२६ साली मंत्री ओलिवारेसने आणलेली योजना ज्या असंतोषात भर घालत गेली, त्यातून १६४० साली कातालोनियाने बंड केले आणि पोर्तुगाल वेगळा झाला.

स्पॅनिश राजांचे खरे सामर्थ्य, म्हणूनच, स्थानिक हक्कांच्या उच्छेदात नव्हते. त्या हक्कांचा निवाडा करणारी न्यायालये आणि महसुलाचा हिशेब घेणारी मंडळे राजाच्या हाती आणण्यात होते.