‘फॅरो’ म्हणजे मोठं घर!

मैत्रिणींनो, इजिप्तच्या राजांना ‘फॅरो’ म्हणतात, हे मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेलच. इंग्रजीत याचं स्पेलिंग मोठं विचित्र. शेवटी ‘ए-ओ-एच’ येतं आणि मुलं तिथेच हटकून चुकतात. पण या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थ ऐकलात तर गंमत वाटेल. प्राचीन इजिप्ती भाषेत ‘पर’ म्हणजे घर आणि ‘आ’ म्हणजे मोठं. तेव्हा फॅरो म्हणजे चक्क ‘मोठं घर’!

आधी हा शब्द राजवाड्यापुरताच होता. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या सुमारास तो वाड्यातल्या राजालाही लावू लागले. यात नवल नाही. आपल्याकडेही ‘वाड्यावरून निरोप आलाय’ म्हटलं, की कुणाचा ते विचारावं लागत नसे. आणि बायकोचं नाव न घेता ‘आमचं कुटुंब’ म्हणायची रीत तर आजोबांच्या पिढीपर्यंत होतीच की! पुढे हिब्रू, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करत हा शब्द इंग्रजीत आला.

राण्यांना मात्र तिथे असं स्वतंत्र पद नव्हतं. ‘राजाची मुलगी’, ‘राजाची पत्नी’, ‘राजाची आई’ अशाच त्यांच्या पदव्या. ओळखीचं वाटतं ना? आपणही अमक्यांची सून नि तमक्याची आई!

हॅटशेपसुट ही यातली पहिली दोन्ही पदं लाभलेली. नवरा वारला, सावत्र मुलगा लहान, म्हणून इ.स.पूर्व १४७९च्या सुमारास ती कारभार पाहू लागली आणि काही वर्षांत तिने राजाचीच पदवी घेतली. सुमारे वीस वर्षं राज्य केलं. दूरच्या पुंत देशाशी व्यापार केला, डेर एल-बाहरीला भव्य मंदिर उभारलं. चित्रांत ती राजाची खोटी दाढीही लावते!

तिच्या पश्चात काही वर्षांनी तिचं नाव आणि चित्रं ठिकठिकाणी खरवडून काढली गेली. पण सगळं काही पुसता आलं नाही. चित्रलिपीचं कोडं सोडवणारा शांपोल्याँ १८२९ मध्ये त्या मंदिरात गेला, तेव्हा चित्रातल्या दाढीवाल्या राजाशेजारी शब्दांची रूपं स्त्रीलिंगी पाहून तो गोंधळला. एवढ्याशा व्याकरणाने बाईची खूण जपून ठेवली होती.

तेव्हा मुलांना स्पेलिंग घोकायला लावताना ही गोष्टही जरूर सांगा. मुलींना तर आवर्जून.