निघत्या जहाजावरून दिसणारे बंदर कोणाचे?

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. धाराशिव शहरापासून कोकणचा सर्वांत जवळचा किनाराही सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही रात्री धाराशिव स्थानकावर मुंबईच्या गाडीत बसलेला प्रवासी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, तेव्हा तो समुद्राच्या अगदी उंबरठ्यावर असतो. तेथून जेमतेम दीड किलोमीटरवर बॅलार्ड पिअर आहे आणि तेथेच मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते २० सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत परंडा आणि भूम तालुक्यांत नद्यांना पूर आला आणि पाण्याने वेढलेल्या ग्रामस्थांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. एकाच राज्यात एकाच पंधरवड्यात पाण्याची ही दोन रूपे दिसली.

या योगायोगावरून क्रूझ पर्यटनाला चैन म्हणून मोडीत काढणे सोपे आहे; पण ते न्याय्य ठरणार नाही. बोटीतून बंदर पाहण्याची ओढ सर्वांनाच असते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना ती अधिक असते, असेही म्हणता येईल. प्रश्न आहे तो या देखाव्याची किंमत काय ठरते आणि तो कोणाच्या वाट्याला येतो, हा.

सुटण्याच्या दिवसाचा सोहळा

क्रूझच्या साऱ्या सहलीत बंदर सोडतानाचा तास-दीड तास सर्वांत मोलाचा असतो. त्याआधीचा दिवस मात्र रांगांत जातो. सामानाची तपासणी, ओळखपत्रे, खोलीची किल्ली असे सोपस्कार दुपारपासून सुरू होतात. मग आपत्कालीन सरावाची सूचना होते. इटलीच्या किनाऱ्यालगत १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या जहाजावर नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच सर्व प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट आणि जमण्याची जागा दाखवणे २०१५ पासून बंधनकारक झाले. कंटाळवाणा वाटणारा हा सराव टाळू नये.

सराव आटोपला की वरच्या डेकवर गर्दी होते. बंदराचा पायलट जहाजावर आलेला असतो, टग बोटी बाजूला लागतात, धक्क्यावरचे दोर सुटतात आणि धक्का व जहाज यांच्यामधली पाण्याची पट्टी हळूहळू रुंद होत जाते. इतक्या मोठ्या जहाजाच्या हालचालीला आवाज जवळजवळ नसतो. त्यामुळे आपण स्थिर असून शहरच मागे सरकत आहे, असा भास होतो.

जहाजाच्या नाळेकडे तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला मुंबई आणि डाव्या हाताला रायगड जिल्हा येतो. उजवीकडे प्रथम नौदलाची गोदी आणि युद्धनौका, मग गेट वे ऑफ इंडिया आणि ताजमहाल हॉटेल, पुढे कुलाब्याचे टोक आणि १८७५ पासून उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ. डावीकडे तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप, त्यामागे घारापुरीचे डोंगर आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. मागे वळल्यास हवा स्वच्छ असताना शिवडीकडून निघालेला अटल सेतूही दिसतो. संध्याकाळी सूर्य मुंबईच्या पाठीशी असल्याने शहराच्या इमारती काळसर होतात आणि रायगडचा किनारा उजळतो. बहुतेक प्रवासी गेट वेच्या बाजूला दाटी करतात. त्या वेळी डावी बाजू मोकळी असते आणि प्रकाशही तिकडेच चांगला असतो.

बंदराबाहेर पडल्यावर डावीकडे खांदेरी लागते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता या बेटावर किल्ला बांधायला घेतला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तुळजापूरची भवानी ज्यांचे कुलदैवत, त्या राजाच्या आरमाराची ही खूण आहे. धाराशिवच्या माणसाने ती डेकवरून ओळखावी, इतकी ती त्याच्या जवळची आहे. त्याच यादीतील सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे किल्ले गोव्याच्या वाटेवरच आहेत. पण संध्याकाळी सुटलेले जहाज त्यांच्यासमोरून अंधारात जाते.

या तासाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. क्रूझवर खिडकी नसलेल्या आतल्या खोलीपासून सज्जा असलेल्या खोलीपर्यंत दर चढत जातात. मात्र सुटण्याच्या वेळी वरचा डेक सर्वांना सारखाच खुला असतो. सर्वांत कमी पैसे भरणारा आणि सर्वांत जास्त पैसे भरणारा एकाच कठड्याला टेकून एकच बंदर पाहतात. ही समानता जहाजावर आहे. किनाऱ्यावर ती आहे का, हे पाहावे लागेल.

तगरपासून बॅलार्ड पिअरपर्यंत

धाराशिवचा बंदरांशी संबंध आजचा नाही. जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये या नगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या बाजारपेठेतून सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेथून हा माल जहाजांनी पश्चिमेकडे निघे. तेर येथे सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांच्यातील साम्य प्रसिद्ध आहे. तेरच्या लामतुरे पुराणवस्तुसंग्रहालयात या व्यापाराच्या खुणा आजही पाहता येतात.

बॅलार्ड पिअरचेही असेच आहे. २९ ऑगस्ट १९३१ रोजी महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' जहाजाने येथूनच निघाले होते. तेव्हा जहाज सुटणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा वियोग असे. कोकणच्या चाकरमान्यासाठी भाऊचा धक्का हीच घराची वाट होती, आणि त्या वाटेवर धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बंदराचा देखावा हा विरंगुळ्याचा विषय अगदी अलीकडे झाला.

व्यवसायाचे गणित

केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. मुंबईच्या टर्मिनलचा खर्च सुमारे ५५६ कोटी रुपये असून त्यातील ३०३ कोटींचा वाटा मुंबई बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे सार्वजनिक संस्थेचा आहे. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते.

आजवरचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' मोठ्या थाटात सुरू झाली. ती सेवा टिकली नाही. २०१९ मध्ये जलेश क्रूझेसचे 'कर्णिका' हे जहाज मुंबईत आले. कोरोनाच्या साथीत कंपनी बंद पडली आणि २०२० च्या अखेरीस ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाने सुरू केलेली सेवा तुलनेने स्थिरावली. पण तिचे 'एम्प्रेस' हे जहाजही १९९० मध्ये बांधलेले आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळतो, त्यामुळे धंद्याचा हंगाम मर्यादित राहतो. टर्मिनल सरकारी पैशाने उभे राहते, जहाजे मात्र बाजाराच्या मर्जीने येतात आणि जातात. क्षमतेचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवे.

किनारा कोणासाठी?

यातूनच मूळ प्रश्नाकडे यावे लागते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे १८०० एकर जमीन आहे. गोद्या, गोदामे आणि भिंती यांमुळे या किनाऱ्याचा मोठा भाग नागरिकांना दिसतच नाही. ही जमीन टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुली करण्याचा विचार राणी जाधव समितीने २०१४ मध्येच मांडला होता. पश्चिमेला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर कोणीही फुकट बसू शकतो. पूर्वेला मात्र तसा कट्टा जवळजवळ नाही. गेट वेचा परिसर हा मोठा अपवाद, आणि त्यावरही किती ताण आहे हे रेडिओ क्लबजवळच्या २२९ कोटींच्या नव्या जेट्टीच्या वादाने दाखवले. स्थानिक रहिवाशांनी तिला विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये काही अटींसह प्रकल्पाची वाट मोकळी केली. गर्दी कमी करण्यासाठी जेट्टी हवी हे सरकारचे म्हणणे आणि किनारा मोकळा राहावा ही रहिवाशांची मागणी, या दोन्हींत तथ्य आहे. या वादात बाहेरगावाहून येणाऱ्या पर्यटकाचा आवाज मात्र फारसा ऐकू आला नाही.

वास्तविक त्याच्यासाठी स्वस्त पर्याय आहेत. गेट वेवरून घारापुरीला जाणारी लाँच सुमारे तासाभराच्या प्रवासात गेट वे, युद्धनौका आणि जवाहर द्वीप हे सारे दाखवते. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून सुरू असलेली मांडव्याची रो-रो बोटही याच बंदरातून जाते. क्रूझच्या सर्वांत मोलाच्या तासातले बरेचसे दृश्य येथे काहीशे रुपयांत मिळते.

परंतु या पर्यायांकडे सरकारचे लक्ष टर्मिनलइतके नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर जीवरक्षक जॅकेटची सक्ती झाली. क्रूझवर जो सुरक्षेचा सराव जहाज सुटण्याच्या आत होतो, त्याचे साधे रूप लाँचवर यायला इतके बळी जावे लागले. निघण्यापूर्वी पाच मिनिटे जॅकेट कसे घालायचे हे मराठीत आणि हिंदीत सांगणे यासाठी कोणताही मोठा खर्च लागत नाही.

धाराशिवचा समावेश निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत २०१८ पासून आहे. येथील बहुतेक कुटुंबांना क्रूझचे तिकीट परवडणारे नाही आणि नजीकच्या काळात परवडेल असेही नाही. मात्र रात्रीच्या गाडीने येऊन बंदर पाहणे त्यांना शक्य आहे. त्यासाठी पूर्व किनाऱ्यावर विनामूल्य बसण्याची, जहाजे सुटताना पाहता येतील अशी एक मोकळी जागा हवी. लाँचसेवा सुरक्षित आणि नियमित हवी. आणि शालेय सहलींच्या आखणीत तेरचे संग्रहालय व मुंबईचे बंदर एकत्र यायला हवेत. तगरचे कापड ज्या समुद्रमार्गाने गेले, त्याची ओळख जिल्ह्यातील मुलांना पुस्तकाबाहेर व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

नव्या टर्मिनलमधून किती जहाजे सुटतात, यावर त्याचे यश मोजले जाईल. तसे ते मोजायलाही हवे. पण सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या बंदराचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. धक्क्यावरून जहाज सुटताना पाहणाऱ्यांसाठी तेथे जागा ठेवली आहे का, हेही त्या हिशेबात यायला हवे.