थोडक्यात टळले, त्याची नोंद

कापसाने भरलेला ट्रक कुरुंद्याच्या माणसास नवा नाही. तो विमानाच्या आड येईल, हे मात्र त्याच्या स्वप्नातही येणार नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादेस तेच घडले. उड्डाण घेणारे इंडियन एअरलाइन्सचे बोईंग धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ जण प्राणास मुकले. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबरच त्या रस्त्यावरील रहदारी न रोखल्याचाही ठपका ठेवण्यात आला.

नियमांनुसार मनुष्यहानी, गंभीर इजा वा विमानाची मोठी मोडतोड झाली की तो ‘अपघात’. थोडक्यात निभावले तर ‘गंभीर घटना’. त्याखालची ती नुसती ‘घटना’. ट्रक क्षणभर आधी निघून गेला असता, तर ते उड्डाण कोणत्या रकान्यात बसले असते? बहुधा कोणत्याच नाही. धोका मात्र तोच होता. रकान्यांचा हा महिमा कारकुनांस सांगावयास नको!

चौकशीसाठी २०१२ पासून स्वतंत्र विभाग आहे, हे खरे. परंतु पुष्कळदा पहिली खबर वैमानिकाने वा कंपनीनेच द्यावयाची असते. कबुलीचे बक्षीस म्हणून नोकरीवर गदा येणार असेल, तर ‘गंभीर’ हा शब्द कोण लिहील? प्रामाणिक चूक सांगणाऱ्यास अभय मिळावे, आणि वर्गवारी परिणामावरून नव्हे, धोक्यावरून व्हावी. तीही कंपनीबाहेरच्या माणसाने तपासलेली.