विश्लेषण : काजूचे झाड मोठे, मग बी कमी का?

कोकणात काजू म्हणजे लावायचा आणि विसरायचा, असे झाड मानले जाते. फेब्रुवारी ते मे या काळात बी गोळा केली की वर्षभर बागेकडे फारसे कोणी फिरकत नाही. देशाची सरासरी उत्पादकता हेक्टरी एक टनाच्या आत राहण्याचे हेही एक कारण आहे.

फळ नेमके कुठे धरते?

काजूला मोहोर येतो तो नव्या पालवीच्या शेंड्यावर. शेंड्याला ऊन मिळाले तरच मोहोर चांगला येतो. फांद्या एकमेकींत घुसल्या की झाड फक्त माथ्यावर फळते. म्हणजे झाडाच्या आकारापेक्षा उन्हातल्या निरोगी शेंड्यांची संख्या महत्त्वाची. हंगाम संपल्यावर सुकलेल्या आणि दाटी करणाऱ्या फांद्या काढून कापावर बोर्डो पेस्ट लावणे हे सर्वांत स्वस्त काम आहे.

शेंडे करपतात का?

ढेकण्या हा किडा कोवळी पालवी, मोहोर आणि लहान बियांतील रस शोषतो. शेंडे भाजल्यासारखे काळे पडतात. प्रादुर्भाव तीव्र असेल तर ३० ते ४० टक्के उत्पन्न जाऊ शकते. म्हणून पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन टप्प्यांवर पाहणी करून गरजेनुसार फवारणी करण्याची शिफारस आहे.

फवारणीत धोका काय?

केरळमधील कासरगोडमध्ये याच किडीसाठी अनेक वर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या गावांतील आजार आणि जन्मजात व्यंगांचा प्रश्न देशभर गाजला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर बंदी घातली. त्यामुळे शिफारशीतलेच औषध, ठरलेल्या प्रमाणात आणि मधमाश्या फिरत नसताना संध्याकाळी फवारावे.

जुनी झाडे तोडायची का?

बियांपासून वाढलेली गावठी झाडे एकसारखी फळत नाहीत. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने वेंगुर्ला-१ ते वेंगुर्ला-९ या जाती दिल्या. त्यांपैकी वेंगुर्ला-७ची बी सुमारे १० ग्रॅमची असते. जुने झाड छाटून नव्या फुटीवर कलम करता येते, पण अशा झाडांना खोडकिडा पटकन लागतो. म्हणून सगळी बाग एकदम न छाटता, कमी फळणारी झाडे टप्प्याटप्प्याने काढून मृदुकाष्ठ कलमे लावणे अधिक सुरक्षित ठरते.

मग शेतकरी का करत नाहीत?

छाटणी, खत, फवारणी यांसाठी मजूर आणि पैसा लागतो. काजू बीचा दर मात्र आफ्रिकेतून येणाऱ्या आयात बीमुळे दबतो. २०२४ च्या हंगामासाठी राज्याने किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले होते. पण झाडावर आज केलेल्या खर्चाचे फळ पुढच्या हंगामात मिळते आणि तेव्हा दर काय असेल, याची हमी नसते. उत्पादन वाढवायचे तर कलमांइतकीच या हमीचीही गरज आहे.