यादीत नसलेला आठवा माणूस

नाटक बसवायचे ठरले की पहिले भांडण कशावरून होते? पैशावरून नाही, तालमीच्या जागेवरूनही नाही. ते होते कोणी कोणते काम करायचे यावरून. ज्यांनी कधी चार मुले गोळा करून नाटक बसवले आहे, त्यांना हे सांगायला नको.

सातासमुद्रापलीकडेही हीच कथा आहे. अमेरिकेत गावोगाव हौशी नाटकमंडळ्या आहेत. दिवसा दुकानात, शाळेत, दवाखान्यात राबणारी माणसे संध्याकाळी जमतात आणि बिनपगारी नाटक उभे करतात. अशा मंडळ्या पुन्हा पुन्हा हाती घेतात असे एक नाटक म्हणजे नील सायमन यांचे 'ब्रायटन बीच मेमॉयर्स'. मार्च १९८३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. एका गरीब ज्यू कुटुंबाचे हे नाटक आहे. त्यातली माणसे निवडताना दिग्दर्शकापुढे जे प्रश्न उभे राहतात, ते आम्हाला फार आपलेसे वाटतात. म्हणून आज त्याविषयी.

काळ १९३७ चा. १९२९ मध्ये अमेरिकेत मंदी आली, तिचे चटके अजून संपलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात समुद्राजवळच्या एका लाकडी घरात जॅक, त्याची बायको केट आणि यूजीन व स्टॅनली ही दोन मुले राहतात. केटची विधवा बहीण ब्लांश आपल्या दोन मुलींसह, नोरा आणि लॉरीसह, त्यांच्याच आश्रयाला आलेली आहे. तोंडे सात, कमावते हात दोन-अडीच.

आम्ही पडलो कारकून. नाटक वाचतानाही हिशेब सुटत नाही. जॅक दिवसा कपड्याच्या कारखान्यात कापड बेततो. रात्री समारंभात वाजवायच्या पिपाण्या वगैरे वस्तू विकतो. ती दुसरी कंपनी बुडते आणि जोडउत्पन्न जाते. स्टॅनली टोप्यांच्या दुकानात कामाला आहे. पुढे एका आठवड्याचा सगळा पगार, १७ डॉलर, तो पत्त्यांच्या जुगारात घालवतो. ब्लांशला शिवणावर थोडेफार मिळते. केट लोणी एकदम जास्त आणत नाही, पाव पौंड आणवते आणि लागले की यूजीनला पुन्हा दुकानात पिटाळते. आपल्याकडे सुटे तेल आणि पुडीतली साखर आणणाऱ्या आयाबहिणींना केटची ओळख करून द्यावी लागणार नाही.

आता निवडीचे पाहू. भूमिका सात, त्यातल्या चार मुलांच्या. यूजीन पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा, घरातले सगळे पाहणारा आणि सरळ प्रेक्षकांशी बोलणारा. सगळे नाटक त्याच्या तोंडून उलगडते. एवढे पाठांतर आणि एवढा दम खऱ्या चौदा वर्षांच्या पोरात सापडणे कठीण. ब्रॉडवेवर मॅथ्यू ब्रॉडरिक यांनी ही भूमिका केली तेव्हा ते नुकतेच २१ वर्षांचे झाले होते, आणि त्यांना त्या वर्षीचा टोनी पुरस्कारही मिळाला. पण थोरला मुलगा धाकट्याचे काम करू लागला की स्टॅनली आणखी थोरला हवा, मग बापही. एक माणूस बदलला की सगळे घर हलते.

म्हणूनच जाणता दिग्दर्शक एकेकट्याचे वाचन ऐकून थांबत नाही. जोड्या लावून वाचायला देतो. दोन भाऊ, दोन बहिणी, बाप आणि मुलगा. केट आणि ब्लांशचे भांडण हा त्यातला मोठा प्रसंग आहे. वर्षानुवर्षे गिळलेले शब्द त्या दिवशी बाहेर पडतात. बहिणीला घरात घेतले ते प्रेमाने, पण त्या प्रेमाचा शीणही साठत गेलेला आहे. तिथे आवाज चढवणारी बाई हवी, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते हवी ती बोलून झाल्यावर जिला आपले शब्द परत घ्यावेसे वाटतात अशी. जॅकसाठीही तसेच. दिवसभर राबून आलेला माणूस खुर्चीत कसा बसतो, एवढे पाहिले तरी अर्धी निवड होते.

आणखी एक प्रश्न येतो. गावात ज्यू माणूसच नसेल तर? ज्यूंची भूमिका ज्यूंनीच करावी, असे काहीजण म्हणतात. नट कोणाचेही काम करू शकतो, असे दुसरे म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जुन्या युरोपीय रंगभूमीवर ज्यू म्हटला की लाल केसांचा टोप, नकली नाक आणि पैशाचा हावरटपणा, असे ठरून गेले होते. ज्यांच्यावर असे हसले जाते, त्यांची जखम आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

पण आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. कोकणातले बेने इस्रायल ज्यू तेलाच्या घाण्यावर राबत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्याच मराठी ज्यूंपैकी डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९५४ च्या 'बूट पॉलिश' चित्रपटात त्यांनी जॉन चाचा हा ख्रिस्ती म्हातारा असा उभा केला की पाहणारा हेलावला. पुण्यात जन्मलेल्या रुबी मायर्सही ज्यू. त्या सुलोचना या नावाने मूकपटांच्या काळापासून नायिका झाल्या. त्यांना कोणी धर्म विचारला नाही. तेव्हा दुसऱ्याचे काम करावे, अवश्य करावे. मात्र ते समजून घेऊन करावे, नक्कल करून नव्हे.

आता मुख्य मुद्दा. स्टॅनलीच्या दुकानात झाडलोट करणारा एक काळा कामगार आहे. त्याच्या हातून थोडे नुकसान होते आणि मालक त्याला नको त्या शब्दांत बोलतो. स्टॅनलीला ते सहन होत नाही. तो मालकाला विरोध करतो. मालक बजावतो, माफीचे पत्र आण, नाहीतर नोकरी गेली. पोरगा बापाकडे येतो. बापाला मुलाचा अभिमान वाटतो, तसे तो सांगतोही. पण घरात सात तोंडे आहेत. तत्त्व या घराला या घडीला परवडणारे नाही, हेही त्याला सांगावे लागते. शेवटी स्टॅनली माफी मागतो आणि नोकरी टिकते.

वाचकहो, माफी कोणाची मागितली गेली? मालकाची. ज्याचा अपमान झाला त्याची माफी मागायचे कोणाच्या मनातही आले नाही. आणि तो माणूस रंगमंचावर येतच नाही. भूमिका सात, तो आठवा. त्याची नोकरी, त्याचे घर, त्याची पोरे यांविषयी आपल्याला काही कळत नाही. त्या अमेरिकन गावातला एखादा काळा नट निवडीला आला, तर यादीत त्याला आपल्या माणसाचे नाव सापडणार नाही.

यात लेखकाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. नाटक एका पोराच्या नजरेतून आहे आणि त्या पोराने पाहिले ते त्याचे घर. उलट, सोसणारी माणसेही दुसऱ्याला कमी लेखतात हे सायमन यांनी लपवलेले नाही. समोरच्या आयरिश कुटुंबाविषयी केटचे बोलणे ऐकावे! परंतु निवड करणाऱ्याने त्या आठव्या माणसाला विसरता कामा नये. स्टॅनलीसाठी देखणा, धिटाईने बोलणारा पोरगा शोधण्यापेक्षा, तो प्रसंग सांगताना ज्याच्या तोंडून तो झाडूवाला आपल्याला दिसू लागेल, असा पोरगा शोधावा. ते काम हुकले तर स्टॅनलीची पंचाईत नुसती नोकरीची उरते, न्यायाची राहत नाही.

नाटकाच्या शेवटी एक पत्र येते. पोलंडमधले नातेवाईक तिथून निसटले आहेत आणि अमेरिकेला यायला निघाले आहेत. जर्मनीत १९३३ पासून हिटलरची सत्ता आहे, पुढे काय होणार याची छाया सगळ्यांच्या मनावर आहे. जॅकला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. घरात पाय ठेवायला जागा नाही. तरी तो कोण कुठे झोपेल याची आखणी करू लागतो. दार बंद करावे असे त्याच्या मनात येत नाही.

असे सात जण जमले, जे एका टेबलाशी बसल्यावर एकाच घरातले वाटतात, की निवड साधली म्हणायची. आपल्या वस्तीतही पुढच्या वेळी नाटकाची कामे वाटली जातील, तेव्हा यादी पुरी झाल्यावर ती एकदा पुन्हा वाचावी. आणि ज्याच्यामुळे गोष्ट घडली तो माणूस यादीत आहे की नाही, हे पाहून मगच तालमीला बसावे.