सुंभाचा पीळ आणि टाचेची दोरी

आपल्या घरांत ‘शीर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. हातावरची रक्तवाहिनी फुगली तरी शीर, मान अवघडली तरी शीर, आणि टाचेच्या वर चिमटीत सापडते ती टणक दोरीसुद्धा शीरच! ही शेवटची खरं तर कंडरा. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. पोटरीचा स्नायू आकसला की त्याची ओढ कंडरा टाचेच्या हाडापर्यंत पोहोचवते आणि आपण चवड्यावर उभे राहतो. तिची जाडी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, पण धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही जास्त ताण येतो.

एवढं बळ येतं ते रचनेतून. कंडरेतलं पाणी वगळलं तर उरतं ते मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन. ते त्वचेतही असतं, पण तिथे त्याचे धागे निरनिराळ्या दिशांना विणलेले असतात. कंडरेत ते बहुतेक सगळे ओढीच्याच दिशेने, एकमेकांना समांतर लावलेले असतात.

कोलॅजनच्या रेणूची घडण उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये त्याची तिपेडी रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती सुधारली. तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, अगदी वेणीसारख्या. प्रत्येक साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची असते, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत दुसरं कुणी मावतच नाही.

असे रेणू शेजारी-शेजारी, पण थोडे पुढे-मागे सरकवून रचले जातात, भिंतीत विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत तसे. रेणूंमध्ये रासायनिक टाके पडतात आणि सूक्ष्म तंतू तयार होतो. अनेक तंतूंचा धागा, धाग्यांची जुडी, जुड्यांची कंडरा. काथ्यापासून सुंभ वळतात तोच हिशेब. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. कंडरेचं तर सारं बळच या पिळात आणि रांगेत आहे.

आणखी एक गंमत. आराम करताना हे धागे सरळ नसतात, त्यांना बारीक नागमोडी चुण्या असतात. ओढ बसली की आधी चुण्या उलगडतात, मग धागे ताठ होतात. म्हणून सुरुवातीचा हिसका थोडा सौम्य होतो. पण मूळ लांबीच्या सुमारे चार टक्क्यांपुढे ताणलं की तंतू तुटू लागतात, आणि आठ टक्क्यांच्या आसपास कंडराच तुटू शकते.

आता तुमच्या वयाशी थेट संबंध असलेली गोष्ट. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन वाढलं आणि त्या काळात वाढणाऱ्या माणसांच्या शरीरातही गेलं. त्याच खुणेवरून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचेच्या कंडरेचं वय मोजलं. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं, की तिचा गाभा साधारण सतरा वर्षांपर्यंत, म्हणजे उंची वाढते तोवर तयार होतो आणि नंतर जवळपास बदलतच नाही. आजोबा सकाळी फिरायला जातात ते शाळकरी वयात वळलेल्या दोरीवर!

म्हणजे कंडरा मेलेली दोरी आहे का? नाही. तिच्यात जिवंत पेशी असतात आणि नियमित ताण मिळाला की ती हळूहळू मजबूत होते. अडचण ‘हळूहळू’ या शब्दातच आहे. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, कंडरेला महिने लागतात. वर्षभर खुर्चीत बसून नवरात्रात नऊ रात्री सलग गरबा खेळणारे, किंवा जिममध्ये पहिल्याच महिन्यात उड्या मारणारे इथेच फसतात. जोरदार व्यायामानंतरचा साधारण दीड दिवस कंडरेत नवं कोलॅजन बनण्यापेक्षा जुनं मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा कठीण व्यायामाच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस हलका ठेवा. गरब्याची तयारी घटस्थापनेला नव्हे, आषाढातच सुरू करा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर-खाली करणं हा साधा, चांगला व्यायाम आहे.

आणि हो, तिपेडी वेणी घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी महागडी पावडर नको; आवळा, पेरू, लिंबू घरात असतातच.

सकाळी उठल्यावर टाचेमागे ताठरपणा आणि दुखणं रोजचंच झालं, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी. तुटलेली कंडरा जुळते, पण नवे धागे पहिल्यासारखे रांगेत बसत नाहीत. एकदा विस्कटलेला पीळ पुन्हा तसाच घालणं शरीरालाही जमत नाही.