कोबी चिरणाऱ्याचा अपराध

भयपटांतील क्रौर्याविषयी कोणी नापसंतीचा चकार शब्द काढला, की त्या कलेचे कैवारी हसून म्हणतात, "अहो, तिथे कोण कोणाला मारतो? ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एक मनुष्य कोबी चिरत असतो, इतकेच!" जे खोटे आहे ते निरुपद्रवी आहे, आणि जो केवळ आवाज पुरवितो तो त्या क्रौर्याचा वाटेकरी नाही, असा या युक्तिवादाचा मथितार्थ. आमच्या मते हा युक्तिवाद सपशेल खोटा आहे. आणि त्याविरुद्ध साक्ष देण्यास आम्ही कोणा धर्मोपदेशकाला पाचारण करीत नाही. एका चित्रपटालाच उभे करतो.

पीटर स्ट्रिकलंड या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'बर्बेरियन साउंड स्टुडिओ' हा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. कथेचा काळ १९७० नंतरच्या दशकातला, स्थळ इटली. त्या देशात तेव्हा चित्रपटातील संवाद व इतर ध्वनी बहुधा चित्रीकरणानंतर स्टुडिओत निराळे मुद्रित करीत. त्यामुळे किंकाळी फोडणारी एक आणि पडद्यावर दिसणारी दुसरी, असा प्रकार सर्रास चाले. अशाच एका स्टुडिओत गिल्डरॉय नावाचा इंग्रज ध्वनितंत्रज्ञ येऊन दाखल होतो. टोबी जोन्स या नटाने ही भूमिका केली आहे. हा मनुष्य भिडस्त, आईच्या पत्रांची वाट पाहणारा. आजवरचे त्याचे काम निसर्गविषयक माहितीपटांचे. येथे मात्र त्याच्या पुढ्यात येते ते चेटकिणी ठरविलेल्या स्त्रियांच्या छळाचे चित्र. सुऱ्याचा वार हवा, तर कोबीत सुरी खुपसायची. डोके फुटल्याचा आवाज हवा, तर कलिंगड फोडायचे. केस उपटल्याचा हवा, तर मुळ्याचे देठ ओढून तोडायचे.

या युक्त्या काही आजच्या नाहीत. जॅक फोली या हॉलिवूडच्या तंत्रज्ञाच्या नावावरून या कामाला आजही 'फोली' म्हणतात, आणि १९६० च्या 'सायको'मधील सुऱ्याचे वार एका खरबुजावर केलेले होते. स्ट्रिकलंडचे वैशिष्ट्य निराळे आहे. तो छळाचे ते चित्र आम्हांला दाखवीतच नाही. त्याची श्रेयनामावली तेवढी दिसते. पुढे आम्ही पाहतो ती फक्त भाजी, ध्वनिफिती आणि भाजी चिरणाऱ्याचा चेहरा.

येथेच कैवाऱ्यांच्या युक्तिवादाची खरी परीक्षा होते. त्यांचे म्हणणे खरे असते, तर हा चित्रपट पाहताना कोणालाही काहीच वाटावयास नको होते. कोबी तर आमच्या डोळ्यांसमोर आहे! रक्ताचा एक थेंब नाही, जखम नाही. तरीही अंगावर काटा उभा राहतो. डोळा सांगतो, "ही भाजी आहे". कान ते मानीत नाही. तात्पर्य, खोटेपणाचे ज्ञान हे श्रोत्याचे कवच नव्हे. जी गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असूनही मनात शिरते, तिला केवळ खोटी म्हणून निर्दोष ठरविता येत नाही. श्रवणाला नवविधा भक्तीत पहिले स्थान देणाऱ्या आमच्या वाचकांना कानाची ही सत्ता निराळी समजावून सांगावयास नको.

आता ध्वनी पुरविणाऱ्याच्या निर्दोषत्वाचा विचार करू. तापलेल्या सळईने छळ करण्याच्या एका प्रसंगासाठी गिल्डरॉयने आवाज काढावयाचा असतो, आणि त्याचा हात अडखळतो. दिग्दर्शक सांतिनी मोठा चतुर. आपण भयपट काढीत आहो हेच त्याला मान्य नाही! इतिहासात स्त्रियांवर जे घडले ते दाखविणे हे आपले कर्तव्य होय, अशी त्याची मल्लिनाथी. आणि हे उदात्त प्रवचन करणाऱ्या गृहस्थाच्या स्टुडिओत जिवंत स्त्रियांची काय अवस्था आहे? काचेआड उभ्या राहून त्या घसा फुटेपर्यंत किंचाळतात आणि वर अपमान सोसतात. सिल्विया नावाची नटी तर दिग्दर्शकाच्या दुर्वर्तनाने विटून स्वतःच्या आवाजाच्या फितींचा नाश करते आणि निघून जाते.

तिच्या जागी दुसरी येते. तिची किंकाळी पुरेशी खरी वाटत नाही. मग ज्याचा हात अडखळला होता, तोच गिल्डरॉय तिच्या कानांवरील श्रवणयंत्रात कर्कश ध्वनी सोडतो आणि तो चढवीत जातो. आता मध्ये भाजी नाही. वेदना खरी आहे. कोबीपासून जिवंत माणसापर्यंतची ही वाट त्याने एका दिवसात चाललेली नाही. रोज थोडे बधिर होत, आपल्या कसबाचा मान राखीत, तो तेथवर पोहोचला आहे. 'मी केवळ माझे काम करतो' या वाक्याचा शेवट कोठे होतो, हे याहून स्पष्ट कोणी काय दाखवावे?

यावर कोणी म्हणेल, "हा चित्रपट तरी त्याच आवाजांवर जगतो ना?" आक्षेप रास्त आहे. उत्तरार्धात स्वप्न आणि सत्य यांची सरमिसळ होऊन कथेचे सूत्र हातातून निसटते, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु गारुडी टोपलीतली वस्तू लपवून खेळ करतो. हा दिग्दर्शक टोपली उघडी ठेवतो, आणि चिरलेल्या भाजीचा कुजणारा ढीगही दाखवितो. फसविणे आणि फसवणुकीची रीत उघड करणे यांत भेद आहे, आणि तो करता न येणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे.

आम्ही बंदीची मागणी करीत नाही. बंदी घालणारे बहुधा डोळ्यांनीच मोजतात. रक्त किती, वस्त्र किती, एवढेच त्यांना दिसते. आमच्या घरांतच पाहा. दूरदर्शनसंचावर भयाचा प्रसंग आला, की आम्ही मुलाच्या डोळ्यांवर हात ठेवतो आणि आपण कर्तव्य केले असे समजतो. त्याचे कान मात्र उघडेच असतात, आणि रात्री त्याची झोप उडते ती त्या ऐकलेल्यामुळेही. आमची मागणी एवढीच, की ऐकविणाऱ्याने दाखविणाऱ्याइतकेच उत्तरदायित्व पत्करावे, आणि ऐकणाऱ्यानेही आपल्या कानांचा हिशेब ठेवावा.

म्हणून यापुढे कोणी "तो तर केवळ कोबी होता" असे सांगू लागला, तर वाचकांनी त्याला एकच प्रश्न विचारावा: केवळ आवाजच काढावयाचा होता, तर गिल्डरॉयचा हात अडखळला का?